थंडीत पक्षी पाहायचेत? आधी एका जागी बसा

(या भागात बोललेला मजकूर. वाचायला सोपं जावं म्हणून थोडी काटछाट केली आहे.)

आज आवाज जरा घोगरा लागेल. सकाळी तीन तास पाण्याच्या काठाला बसून आलेय, आणि चहाचा दुसरा कप संपायच्या आत माइक लावलाय. म्हटलं, थंडी अंगात आहे तोवरच बोलून घेऊ.

मागच्या काही दिवसांत तुमच्या मेसेजमध्ये एक वाक्य सारखं दिसतंय. "पक्षी बघायला सुरुवात करायचीय, पण जरा थंडी ओसरू दे." अहो, नका थांबू! थंडी ओसरली की निम्मे पाहुणे परतीच्या वाटेला लागतात. आपल्याकडे पावसाळा संपतो तसे उत्तरेकडून पक्षी उतरायला लागतात. हिमालय, तिबेट, मध्य आशिया, सायबेरिया, कुठून कुठून येतात. मार्चपर्यंत मुक्काम, मग चालते होतात. आपल्या राज्यात ५ ते १२ नोव्हेंबर पक्षी सप्ताह असतो, तोही या हंगामाच्या तोंडाशीच येतो. तारखा मात्र वेगळ्या कारणाने ठरल्यात. ५ तारखेला मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस आणि १२ ला सालिम अलींचा.

आमच्या नाशिक जिल्ह्यात थंडी पडली की एक बातमी ठरलेली: निफाडचा पारा घसरला. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात रोज तापमान नोंदवतात आणि एखाद्या वर्षी तो आकडा पाच-सहा अंशांपर्यंत खाली येतो. द्राक्षवाल्यांची झोप उडते. मणी तडकू नयेत म्हणून बागेत शेकोट्या पेटतात, पहाटे पहाटे ठिबक चालू करतात. आणि त्याच निफाड तालुक्यात, नांदूरमध्यमेश्वरच्या पाण्यावर, शेकड्यांनी बदकं पाठीत चोच खुपसून निवांत झोपलेली असतात. त्यांना काय ती थंडी! ती ज्या गावाहून आलीत तिथे आत्ता तळी गोठलीत.

तर आज याच जागेबद्दल बोलते, कारण मी इथेच शिकले आणि इथेच माती खाल्ली. ते पुढे सांगते.

आधी एक गैरसमज काढून टाकू. पक्षी बघायचे म्हणजे पहाटे चारला उठायचं, असं तुम्हाला कुणीतरी सांगितलेलं असतं. उन्हाळ्यात लवकर उठणं बरोबर आहे. पण कडाक्याच्या थंडीत? डिसेंबर-जानेवारीत सूर्यच सातच्या आसपास उगवतो. पाण्यावर धुकं असतं. त्या धुक्यात तुम्ही सहाला जाऊन उभे राहिलात तर फक्त स्वतःचे दात वाजलेले ऐकू येतील.

आणि पक्ष्यांनाही घाई नसते. वेडा राघू बघा, तो हिरवा, शेपटीला काडी असलेला. तो उडते किडे पकडून जगतो. थंडीत किडे ऊन तापेपर्यंत उडतच नाहीत. मग राघू काय करणार? तारेवर एकमेकांना खेटून ओळीत बसतात, पिसं फुगवून. फुगवलेल्या पिसांत हवा अडकते आणि तीच त्यांची गोधडी. घारी, गरुड हे तर तापलेल्या हवेवर तरंगणारे. जमीन तापून हवा वर चढायला लागली की मगच ते आभाळात दिसतात, म्हणजे साधारण साडेनऊनंतर. शेकाट्या नावाचा एक लांब तंगड्यांचा पक्षी आहे, काळा-पांढरा, पाय गुलाबी. तो एक पाय पोटात ओढून एकाच पायावर उभा असतो. पायाला पिसं नाहीत, तिथून उष्णता जाते, म्हणून एक पाय झाकून ठेवायचा. शिवाय पक्ष्यांच्या पायात रक्तवाहिन्यांची एक फार हुशार व्यवस्था असते. खाली जाणारं गरम रक्त आणि वर येणारं गार रक्त अगदी जवळून जातं, त्यामुळे वर येणारं रक्त वाटेतच कोमट होतं आणि अंगातली ऊब पाण्यात वाया जात नाही.

हे सगळं का सांगतेय? कारण नवशिक्यासाठी यात मोठी सोय आहे. थंडीच्या सकाळी पक्षी बसलेले असतात. ऊन खात असतात. तुम्हाला दुर्बीण डोळ्याला लावून, ती नीट फिरवून, पक्षी सापडेपर्यंत ते तिथेच असतात! जूनमध्ये पानांच्या गर्दीत पक्षी शोधून बघा, मग कळेल.

पण हे बसणं म्हणजे आळस नाही, हं. रात्रभर अंग गरम ठेवण्यात त्यांची चरबी खर्च झालेली असते. आमच्या सोसायटीच्या मेंदीच्या कुंपणात हिवाळ्यात एक वटवट्या असतो. दिसत नाही फारसा, नुसतं चट्, चट् ऐकू येतं, जीभ टाळूला लावून काढल्यासारखं. ब्लाइथचा वटवट्या म्हणतात त्याला. वजन दहा-बारा ग्रॅम. दहा रुपयांची दीड नाणी धरा. हा एवढासा जीव पूर्व युरोपपासून मध्य आशियापर्यंतच्या पट्ट्यातून कुठून तरी येतो आणि आमच्या मेंदीत राहतो. आमच्या सोसायटीत चारशे माणसं असतील. त्यातल्या किती जणांना हा माहितीय? मलाही पहिली पाच-सहा वर्षं नव्हता. मी त्याला पाल समजत होते. खरंच!

म्हणून पहिला आठवडा कुठेही जाऊ नका. घरच्या गॅलरीत, गच्चीवर, बसस्टॉपवर. तारेवर माळभिंगऱ्या बसल्यात का बघा, निळ्याकाळ्या, शेपटीला दोन लांब टोकं. नाल्याच्या काठाला धोबी असेल. धपाधप शेपूट वरखाली करणारा, म्हणून धोबी. त्यात एक आपल्या गावातला कायमचा आहे, मोठा, काळ्या डोक्याचा, पांढऱ्या भुवईचा. बाकीचे, पांढऱ्या चेहऱ्याचे नाहीतर पिवळ्या पोटाचे, ते हिवाळी पाहुणे. आणि बाजूला मोकळा प्लॉट असेल, दगडविटांचा ढीग असेल, तर थिरथिरा शोधा. चिमणीएवढा. नर काळा, पोट विटकरी, मादी भुरकट, आणि दोघांचीही शेपूट तांबूस. ती सारखी थरथरते. थंडी वाजतेय की काय असं वाटतं. एकदा ओळखलात की आयुष्यात विसरणार नाही.

बघितलंत ना, नावातच सगळं आहे. माझं हे आवडतं प्रकरण आहे, म्हणून थोडं लांबवते. लोक विचारतात, इतकी नावं लक्षात कशी ठेवायची? मराठीत असाल तर अर्धं काम झालेलं आहे. ज्यांनी ही नावं ठेवली त्यांनी पक्षी नीट बघितला होता. पाण्यावर काळी बदकासारखी पाखरं दिसतात, चोच पांढरी, कपाळावर पांढरा टिळा. त्यांचं नाव काय? वारकरी. आणि चालतातही दिंडीसारखी, म्हणजे पोहतात, शेकड्यांनी. एक बदक आहे, चोच काळी, टोकाला पिवळी, मुळाशी दोन लाल ठिपके. हळदीकुंकू! एकाची चोच पुढे गवंड्याच्या थापीसारखी पसरट, तो थापट्या. त्या चोचीच्या कडेला बारीक फणी असते, पाणी गाळून गाळून खातो. कधी कधी दहा-पंधरा थापट्ये एकमेकांमागे गोल गोल फिरत पाणी ढवळतात आणि वर आलेलं खातात. मी एकदा अर्धा तास तेवढंच बघत बसले होते. शेपूट लांब, टोकदार, ते तलवार बदक. चोच चमच्यासारखी, तो चमचा. आणि एक इवलं, गोल, दिसता दिसता डुबुक करून गायब होणारं, ती टिबुकली. चितमपल्लींचा पक्षिकोश ग्रंथालयात मिळाला तर आणा, अशा नावांचा खजिना आहे तो.

आता नांदूरमध्यमेश्वर. नाशिकहून साधारण तासाभराचा रस्ता. गोदावरी आणि कादवा जिथे भेटतात तिथे ब्रिटिशांच्या काळातला बंधारा आहे. त्यात वर्षानुवर्षं गाळ साठत गेला, पाणी उथळ झालं, मधे बेटं झाली, पाणवनस्पती माजल्या. धरण म्हणून हे वाईटच. पण उथळ पाण्यात चरणाऱ्या बदकांना याहून चांगली जागा नाही. रामसर यादीतलं महाराष्ट्रातलं हे पहिलं पाणथळ, २०२० च्या जानेवारीत जाहीर झालं. चापडगावच्या बाजूला प्रवेश आहे, निरीक्षण मनोरे आहेत, गावातलीच मुलं-माणसं गाइड म्हणून येतात. गाइड घ्या. दुर्बीण नसेल तरी घ्या. पहिल्यांदा गेलात तर घ्याच.

माझी पहिली हिवाळी ट्रिप. मैत्रीण बरोबर होती. आम्ही गाइड घेतला नाही, कारण पैसे वाचवायचे होते आणि फोनमध्ये सगळं होतं असं वाटत होतं. मनोऱ्यावर चढलो. समोर पाण्यावर बदकांचा मोठा थवा, पाच-सातशे तरी असतील. सगळी झोपलेली. पाचेक मिनिटं बघितलं आणि आम्हाला कंटाळा आला. हो, कंटाळा! हलतच नव्हती. मैत्रीण म्हणाली, उडताना स्लो-मोशन घेतलं तर काय दिसेल! आम्ही खाली उतरलो, काठाकाठाने पाण्याच्या जवळ गेलो. तिने फोन धरला. टाळ्या वाजवल्या त्या मी.

व्हिडिओ सुंदर आला. खोटं नाही सांगत. पाचशे-सातशे पंखांचा एकदम आवाज झाला, छातीत धडधडलं. थवा वर चढला, एक वळसा घेतला आणि पार पलीकडे, डोळ्यांना नुसते ठिपके दिसतील इतक्या लांब जाऊन उतरला.

आम्ही वर आलो तर मनोऱ्याखाली एक वयस्कर गाइड बसले होते, मफलर गुंडाळून. ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "ताई, झोपू द्यायचं ना त्यांना. रातपाळी करून येत्यात ती." मला आधी कळलंच नाही. मग त्यांनी सांगितलं की ही बदकं बरीचशी रात्रीच चरतात, आजूबाजूच्या शेतांत, उथळ पाण्यात. दिवसा झोपतात. आणि उडणं हे त्यांच्यासाठी सगळ्यात महाग काम. रात्रभर जे कमावलं त्यातलं आम्ही पंधरा सेकंदांच्या रीलसाठी उडवलं होतं. उडवलं, अक्षरशः.

मी काहीतरी बोलून वेळ मारून नेणार होते. तेवढ्यात एक टेम्पो आला. त्यातून जिल्हा परिषदेच्या शाळेची पोरं उतरली, तीसेक असतील. स्वेटरवर शाळेचा शर्ट, कानटोप्या, एकाच्या हातात वही. बहुतेक जण पहिल्यांदाच आले होते. सर त्यांना सांगत होते, आता शेकडो बदकं दिसणार. आणि समोर काय? मोकळं पाणी. गाइडकाकांनी टेलिस्कोप लावला, पोरं रांगेत एकेक करून डोळा लावत होती. लांबचे ठिपके थरथरत होते. एक मुलगी माझ्या शेजारी उभी होती. ती सरांना म्हणाली, "सर, कुठंयत?"

तिला मी काय सांगणार होते? व्हिडिओ दाखवू?

त्या दिवशी आम्ही तो डिलीट केला. पोरं पुढे निघून गेल्यावर गाइडकाकांना म्हटलं, आम्हाला दाखवाल का थोडं? ते म्हणाले, बसा. बस, एवढंच. बसलो. वीस मिनिटं काही नाही. मग काठावरच्या लव्हाळ्यातून एक जांभळी पाणकोंबडी बाहेर आली, आमच्यापासून फार तर पंधरा पावलांवर, लांब लांब बोटं उचलून टाकत. तिच्यामागे दुसरी. खंड्या समोरच्या काठीवर येऊन बसला. आम्ही असल्याचा त्यांना विसर पडला होता. तासाभरात मी जेवढं बघितलं तेवढं त्याआधीच्या दोन तासांच्या भटकंतीत बघितलं नव्हतं.

तर पद्धत ही. सातच्या सुमारास पोहोचा. सूर्य पाठीमागे राहील अशी जागा धरा, म्हणजे सकाळी पाणी तुमच्या पश्चिमेला हवं. नाहीतर सगळे पक्षी काळ्या सावल्या दिसतात आणि तुम्ही म्हणाल, हे तर सगळं वारकरीच! मग बसा. सगळी बदकं एकदम माना वर करून तुमच्याकडे बघायला लागली की समजायचं, आपण फार जवळ आलोय. तिथे थांबायचं, हळू मागे सरकायचं. चालत जाऊन पक्षी दिसतात, नाही असं नाही, पण त्यातले बरेचसे पाठमोरे.

कपड्यांचं सांगते, कारण थंडीत इथेच फजिती होते. सळसळणारं नायलॉनचं जर्किन नको, हात हलवला की आवाज होतो. जुना लोकरीचा स्वेटर उत्तम. कानटोपी घाला, पण बसल्यावर कानावरून वर सरकवा, नाहीतर ऐकू काय येणार? मफलर नाकावर गुंडाळून दुर्बीण लावलीत की श्वास वर जातो आणि काच धुरकटते. मी कितीतरी वेळा धुकं समजून वाट बघत बसलेय. बूड टेकायला एक जुनं पोतं किंवा योगाची चटई न्या. दवाने ओल्या गवतात दहा मिनिटांत सगळा उत्साह संपतो.

दुर्बीण. पहिल्या महिन्यात विकत घेऊ नका, कुणाची तरी मागा. घ्यायची झाली तर ८ बाय ४२ किंवा ८ बाय ४०. पहिला आकडा म्हणजे किती पट मोठं दिसतं, दुसरा म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. दुकानदार १० पट, २० पट दाखवेल. नको. जितकं मोठं तितका हाताचा कंप मोठा दिसतो, आणि थंडीत हात तसेही थरथरतात. पाच ते दहा हजारांत कामापुरती बरी दुर्बीण मिळते. आणि कॅमेऱ्याबद्दल माझं मत थोडं कडू आहे, ते सांगून मोकळी होते. पहिल्या हिवाळ्यात कॅमेरा नकोच. कॅमेरा असला की माणूस जवळ जायला बघतो. थोडं अजून, थोडं अजून. आणि पक्षी उडतो.

फोन मात्र असू द्या. मर्लिन नावाचं ॲप आहे, फुकट आहे, आवाज ऐकून पक्षी सुचवतं. आपल्या भागाचा पॅक घरीच वायफायवर उतरवून घ्या, काठावर रेंजचा भरवसा नाही. त्याचं म्हणणं शेवटचं मानू नका, ते सुचवतं आणि तुम्ही डोळ्याने खात्री करायची. पण त्याच ॲपमध्ये पक्ष्यांच्या आवाजाची रेकॉर्डिंग्जही असतात. ती तिथे मोठ्याने वाजवू नका. पक्षी पुढे येतो, हे खरं. त्याला वाटतं आपल्या जागेत कुणी घुसलं. खाणं सोडून भांडायला येतो आणि भांडायला समोर कोणीच नसतं. ती फसवणूक आहे, आणि थंडीत त्याला परवडणारी नाही.

तुम्ही पुण्यात असाल तर सोलापूर रस्त्याला कवडी पाट आहे. पाण्यावर फेस आणि प्लॅस्टिक, वास येतो, तरीही चक्रवाक तिथे उतरतात. बघून आनंद व्हावा की लाज वाटावी, कळत नाही. अजून पुढे भिगवण, उजनीचं पाणी. तिथे होडीत बसलात तर नावाड्याला आधीच सांगा, रोहित पक्षी उडवायचे नाहीत, लांबून बघायचेत. तो गिऱ्हाइकाला खूश करायला जवळ नेतो. तुम्ही नको म्हणालात तर त्याचं डिझेलही वाचतं. मराठवाड्यात पैठणचा नाथसागर आहे. मुंबईत ऐरोलीची खाडी आहे. आणि यांतलं काहीच नसेल तर गावचा पाझर तलाव. मला तो जास्त आवडेल, कारण तिथे काय येतं हे कुणी लिहूनच ठेवलेलं नसतं.

लिहिण्यावरून आठवलं. छोटी वही ठेवा. तारीख, वेळ, जागा, काय दिसलं, किती दिसले, काय करत होते. नाव कळलं नाही तर "धोब्यासारखा, पोट पिवळं" असं लिहा, चालतं. फेब्रुवारीच्या मध्यावर जगभर चार दिवसांची पक्षिगणना असते, ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट. एका जागी किमान पंधरा मिनिटं बसून दिसलेले पक्षी मोजायचे आणि ई-बर्डवर टाकायचे. गॅलरीतूनही चालतं. तोवर तुमची वही दोन महिन्यांची झालेली असेल.

माझ्या वहीतली आजची नोंद वाचते आणि थांबते. "सकाळी ७.१० ते १०.१५, नांदूरमध्यमेश्वर. धुकं साडेआठपर्यंत. थापट्ये साधारण २००, झोपलेले. तलवार बदकं ४०. वारकरी मोजणं सोडून दिलं. एक भोवत्या पाण्यावरून खालून गेला, सगळी बदकं जागी झाली, परत झोपली. घरी आल्यावर, ११ वाजता, शेजारच्या प्लॉटवर थिरथिरा, मादी, पत्र्याच्या कुंपणावर."

त्या प्लॉटवर आता पाया खणायला घेतलाय. विटा उतरल्यात, म्हणून सध्या ती खूश आहे, विटांवर बसून किडे टिपते. पुढच्या ऑक्टोबरपर्यंत तिथे तीन मजले झालेले असतील. मी गच्चीच्या कठड्यावर दोन-चार दगड आणि एक फुटकी कुंडी मांडून ठेवलीय. बघू.

तुमच्या प्लॉटवर, तारेवर, कुंपणात कोण आहे ते मला कळवा. फोटो नको. काय करत होता ते लिहा.